इंजिन बदलताना क्लचची जोडणी

मंडळी, जुन्या विलीज जीपला दुसरे इंजिन बसवायचे आहे ना? मग जरा थांबा. फ्लायव्हील जुळावे लागते ते इंजिनाच्या क्रँकशाफ्टशी. क्लच-प्लेटच्या मधल्या खाचा मात्र गिअरबॉक्सच्या शाफ्टशी. म्हणजे प्लेट ही दोन घरांमधली मध्यस्थच म्हणा! ती शाफ्टवर हाताने सहज सरकली पाहिजे, आणि तिचा व्यास फ्लायव्हील व प्रेशर-प्लेट दोघांनाही बेताचा हवा.

फ्लायव्हीलच्या कडेचे दातेही मोजा. महायुद्धातल्या जीपला ते ९७ असत, पुढच्या पुष्कळ गाड्यांना १२४. स्टार्टर त्या जोडीचा नसेल, तर दाते खाल्ले जातात. क्रँकशाफ्टच्या टोकातले बुश तर पुष्कळजण विसरतातच. गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक त्यातच टेकते.

हे सारे इंजिन जमिनीवर असतानाच पाहून घ्या. एकदा चढवलेले इंजिन पुन्हा उतरवायचे, तर मिस्त्रीची मजुरी दुप्पट.