सिवानीचे सहा दिवस

टेनेसीतल्या कंबरलँड पठारावरचं सिवानी हे लहानसं गाव. तिथलं ‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ’ एपिस्कोपल चर्चनं काढलेलं. 1899 साली विद्यार्थी अवघे काही शे. त्या वर्षी तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघानं बाराच्या बारा सामने जिंकले. 322 गुण केले, दिले फक्त 10. ते दहाही एकाच सामन्यात, जॉन हाइसमन यांनी तयार केलेल्या ऑबर्नला. तो सामना सिवानीनं 11-10 असा कसाबसा काढला.

प्रशिक्षक बिली सूटर यांचं श्रेय मोठंच. पण माझं मन अडकलं ते ल्यूक ली या व्यवस्थापकात. तोही विद्यार्थीच. तिकिटांच्या पैशांच्या वाटणीवरून व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी बिनसलं आणि हमखास उत्पन्नाचा सामना हातचा गेला. तो खड्डा भरायचा तर दूरच्या शहरांत खेळायला हवं, आणि एवढं रेल्वेभाडं परवडायचं तर एकाच फेरीत जमतील तितके सामने उरकायला हवेत. लीनं तसाच दौरा बांधला. 9 नोव्हेंबर, गुरुवार: ऑस्टिनला टेक्सासवर 12-0. शुक्रवारी ह्यूस्टनला टेक्सास ए अँड एमवर 10-0. शनिवारी न्यू ऑर्लिन्सला ट्युलेनवर 23-0. रविवारी खेळ बंद. सोमवारी बॅटन रूजला लुइझियाना स्टेटवर 34-0, मंगळवारी मेम्फिसला मिसिसिपीवर 12-0. सारा प्रवास सुमारे चार हजार किलोमीटरचा, आगगाडीचा. परगावचं पाणी बाधू नये म्हणून सिवानीच्या झऱ्याचं पाणी पिंपं भरून सोबत घेतलेलं! विजयांच्या आकड्यांपेक्षा त्या पिंपांतच मला लीची हुशारी अधिक दिसते. हाच ली पुढे अमेरिकेचा सिनेटर झाला.

पण त्याच्या वेळापत्रकाचा भार पोरांच्या अंगावर पडत होता. तेव्हा चेंडू पुढे फेकायला मनाई होती. तीन प्रयत्नांत पाच यार्ड सरकायचं, म्हणजे समोरच्या घोळक्यात घुसायचं, पडायचं, पुन्हा उठून घुसायचं. एकदा बाहेर गेलेल्याला परत मैदानात येता येत नसे, त्यामुळे मुरगळलेला पाय घेऊन खेळत राहणं ओघानंच आलं. दौऱ्यावर एकवीसच खेळाडू होते. रात्री गाडीत झोप, दुपारी सामना. संघाचा आधारस्तंभ ऑर्मंड सिमकिन्स याला पुढे खेळातल्या दुखापतींपायी पाय गमवावे लागले. हे वाचल्यापासून मला ते पाच विजय नुसते कौतुकानं सांगता येत नाहीत.

विद्यापीठाचं पुढे काय झालं, तेही कठीणच. 1932 मध्ये ‘साउथईस्टर्न कॉन्फरन्स’ ही विद्यापीठांच्या संघांची संघटना स्थापन झाली तेव्हा सिवानी संस्थापकांत होतं. पण मोठ्या सरकारी विद्यापीठांकडे पैसा होता, हजारोंनी विद्यार्थी होते, निवडून आणलेले खेळाडू होते. ज्या लुइझियाना स्टेटला 34-0 नं हरवलं, ते आता आवाक्याबाहेर गेलं होतं. आठ हंगामांत सिवानी या कॉन्फरन्समधले 37 सामने खेळलं आणि सगळे हरलं. 1940 अखेर ते बाहेर पडलं. कुलगुरू अलेक्झांडर गेरी यांचं ठाम मत होतं की खेळण्यासाठी विद्यार्थ्याला पैसे देऊ नयेत, आणि विद्यापीठानं तीच वाट धरली. मला तो निर्णय त्या दौऱ्याइतकाच धाडसाचा वाटतो. आज सिवानीचा संघ महाविद्यालयीन खेळांच्या तिसऱ्या विभागात खेळतो. तिथं खेळाची शिष्यवृत्ती कुणालाच मिळत नाही.