‘एलियन’चा सिग्नल, मायक्रोवेव्ह ओव्हन आणि खोडदची शांतता

जुन्नर : नारायणगावहून पूर्वेला खोडदच्या रस्त्याला लागलं, की द्राक्षबागा आणि उसाच्या पलीकडे आभाळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या मोठाल्या डिश दिसतात. प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. जानेवारी 2023 मध्ये या डिशनी अवकाशातला एक फार जुना सिग्नल पकडल्याची बातमी आली आणि बघता बघता ती व्हॉट्सअॅपवर ‘एलियन’ची बातमी होऊन फिरू लागली.

प्रकरण काय होतं? सिग्नल खरा होता, एलियन मात्र नव्हते. एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजन वायूची ती रेडिओ लहर होती. ती तिथून निघाली 880 कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे आपला सूर्य आणि पृथ्वी जन्मायच्याही आधी. निघताना तिची लांबी 21 सेंटीमीटर होती. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे इथं पोचेपर्यंत ती ताणली जाऊन 48 सेंटीमीटर झाली. वाटेत आडव्या आलेल्या दुसऱ्या एका दीर्घिकेनं भिंगासारखं काम केलं आणि सिग्नल मोठा झाला, म्हणून तो सापडला. त्यात ना संदेश होता, ना कुणी पाठवणारा.

पण या अफवेत एक गंमत आहे. परग्रहावर कुणी बुद्धिमान असेल तर तो कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोलेल, हा प्रश्न 1959 मध्ये कोकोनी आणि मॉरिसन या दोन शास्त्रज्ञांनी मांडला होता. त्यांचं उत्तर होतं, याच हायड्रोजनच्या लहरीवर, 1420 मेगाहर्ट्झला. कारण हायड्रोजन विश्वात सगळीकडे आहे, आणि ज्यांना रेडिओ कळतो त्यांना ही लहर माहीत असणारच. चावडीवर गेलं की कुणी ना कुणी भेटतंच, तशातला प्रकार. पुढच्याच वर्षी अमेरिकेत फ्रँक ड्रेक यांनी दोन ताऱ्यांकडे दुर्बीण वळवून या लहरीवर कान लावला. काही ऐकू आलं नाही.

खोडदची दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, एलियन शोधायला बांधलेलीच नाही. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली ती हायड्रोजन आणि पल्सार ताऱ्यांचा अभ्यास करायला. एकूण 30 डिश. 14 खोडदजवळ दाटीनं आणि बाकीच्या 16 तीन दिशांना इंग्रजी ‘वाय’च्या आकारात सुमारे 25 किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. वजन आणि खर्च कमी राहावा म्हणून पत्र्याऐवजी तारेची जाळी वापरली, त्यामुळे वारा आरपार जातो. सगळ्या डिश मिळून एकाच मोठ्या कानासारखं काम करतात.

हा कान किती तिखट आहे याचा दाखला 2016 चा. 19 ऑक्टोबरला युरोपचं ‘शियापरेली’ हे छोटं यान मंगळावर उतरत होतं. त्याचा कमी ताकदीचा सिग्नल साडेसतरा कोटी किलोमीटरवरून थेट खोडदला ऐकू येत होता. उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात तो अचानक थांबला, आणि काहीतरी बिनसल्याचं लक्षात आलं. यान आदळून फुटलं होतं.

मंगळाचं ऐकू येतं, तर ताऱ्यांवरचं का नाही? इथं हिशेब करून बघावा लागतो. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे अंदाजे 40 लाख कोटी किलोमीटर. त्या दिवशीच्या मंगळापेक्षा सव्वादोन लाख पट लांब. अंतर दुप्पट झालं की सिग्नल निम्मा होत नाही, चौथा हिस्सा उरतो. या नियमानं तेच यान प्रॉक्सिमाजवळून बोललं असतं तर त्याचा आवाज पाच हजार कोटी पट क्षीण झाला असता. आणि हा शेजारचा तारा! त्यामुळे ‘कुणी असतं तर एव्हाना कळलं असतं’ हे म्हणणं टिकत नाही. सूर्याबाहेरच्या ताऱ्यांभोवती 6 हजारांहून जास्त ग्रह सापडलेत, त्यातल्या एकावरही जीवसृष्टीचा पक्का पुरावा नाही. पण शोध कितीसा झालाय? या क्षेत्रातल्या नामवंत जिल टार्टर म्हणायच्या, आत्तापर्यंतचा शोध म्हणजे समुद्रातून एक ग्लास पाणी काढून त्यात मासा आहे का बघण्यासारखं आहे.

मोठी अडचण वेगळीच आहे. माणसाचाच गोंगाट. विहिरीवरची मोटार चालू केली की जुन्या रेडिओत खरखर यायची, तसंच हे. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला काही विचित्र सिग्नल वर्षानुवर्षं छळत होते. 2015 मध्ये उलगडा झाला : कुणीतरी मायक्रोवेव्ह ओव्हन थांबायच्या आधीच त्याचं दार उघडत होतं! त्याच दुर्बिणीनं 2019 मध्ये प्रॉक्सिमाच्या दिशेनं 982 मेगाहर्ट्झचा एक सिग्नल टिपला. दुर्बीण ताऱ्याकडे असताना तो दिसायचा, बाजूला वळवली की नाही. शास्त्रज्ञही चमकले. पण नीट तपासल्यावर तसलेच सिग्नल इतर फ्रिक्वेन्सींवरही सापडले, आणि 2021 मध्ये तो इथल्याच कुठल्यातरी इलेक्ट्रॉनिक उपकरणाचा असल्याचा निष्कर्ष निघाला. अमेरिकेतल्या ओहायोत 15 ऑगस्ट 1977 ला 72 सेकंद दिसलेला ‘वॉव’ सिग्नल मात्र पुन्हा कधी दिसला नाही, आणि त्याचं कोडं आजही सुटलेलं नाही.

म्हणूनच दुर्बिणीला शांत जागा लागते. जुन्नरची निवड होण्यामागं डोंगरांचा आडोसा हेही एक कारण होतं. जीएमआरटी साधारण 120 ते 1450 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ऐकते, आणि मोबाइलच्या 900 मेगाहर्ट्झच्या लहरी याच पट्ट्यात येतात. त्यामुळे परिसरात टॉवर किंवा कारखाना आणायचा तर दुर्बीण चालवणाऱ्या एनसीआरए संस्थेचा विचार घ्यावा लागतो.

ही शांतता फुकट मिळत नाही, हे जुन्नर-आंबेगावच्या लोकांना सांगायला नको. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वे चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर अशी येणार म्हणून लोक कित्येक वर्षं वाट बघत होते. ओव्हरहेड वायर आणि इंजिनावरचा पँटोग्राफ यांच्यात ठिणग्या उडतात, त्यातून रेडिओ गोंगाट होतो. दुर्बिणीच्या कामात अडथळा येईल असं कारण देऊन रेल्वेनं नारायणगावजवळचा मार्ग बाजूला ठेवला आणि शिर्डीकडून जाणारा पर्याय पुढं आणला. मूळ मार्गच हवा, ही मागणी अजून थांबलेली नाही.

दोन्ही बाजूंचं खरं आहे. टोमॅटो-कांद्याला आणि शिकणाऱ्या पोरांना रेल्वे हवी. आणि दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही. पण संशोधनाचा फायदा साऱ्या जगाला आणि त्याची किंमत चार तालुक्यांना, हा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. दुर्बिणीमुळे रेल्वे लांब जाणार असेल, तर इथल्या रस्त्यांचं आणि बाजाराचं काय, याचं उत्तर त्याच टेबलावर मिळायला पाहिजे.

दुर्बीण जवळून बघायची असेल तर 28 फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन चांगला. त्या निमित्तानं खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं, गावोगावच्या शाळा येतात आणि शास्त्रज्ञांना थेट प्रश्न विचारता येतात. एलियनचाही विचारायला हरकत नाही. मोबाइल मात्र बंद ठेवा.