हात हवे, नावं नकोत

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात 1943 ते 1948 या काळात सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले, हे मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. त्या छावणीविषयी वाचता वाचता एक प्रश्न मनात रुजला आणि कित्येक वर्षं हटला नाही. युद्धानं घर हिरावलेल्या मुलाला परका देश काय शिकवतो, आणि ते कुणाच्या सोयीनं? या प्रश्नाचं मला मिळालेलं सगळ्यांत बोलकं उत्तर टोरांटोच्या पश्चिमेला, जॉर्जटाउन गावातल्या एका शेतावर आहे.

1915 च्या आर्मेनियन नरसंहारातून वाचलेली हजारो मुलं ठिकठिकाणच्या अनाथालयांत होती. त्यांतली काही इस्तंबूलहून ग्रीसच्या कॉर्फू बेटावर नेण्यात आली. कॅनडात त्यांच्यासाठी चर्चमध्ये आणि वृत्तपत्रांतून मदत गोळा झाली, ‘आर्मेनियन रिलीफ असोसिएशन ऑफ कॅनडा’नं जॉर्जटाउनला शेत घेतलं, आणि 1 जुलै 1923 रोजी मुलांची पहिली तुकडी तिथं पोचली. पुढे तिथल्या मुलांचा आकडा 110 च्या आसपास गेला.

ही तारीख नीट पाहावी. त्याच 1 जुलैला कॅनडात चिनी लोकांना जवळजवळ पूर्ण बंदी घालणारा कायदा लागू झाला. आर्मेनियनांची गणनाही ‘आशियाई’ म्हणूनच होत होती. मायदेशातून थेट, न थांबता प्रवास करून आलं पाहिजे, खिशात ठरावीक डॉलर हवेत, अशा अटी आशियाई माणसाला होत्या. याच अटींवर बोट ठेवून 1914 मध्ये ‘कोमागाता मारू’ जहाजावरच्या 376 प्रवाशांपैकी बहुतेकांना व्हँकूवरच्या बंदरातूनच परत धाडण्यात आलं होतं. मग या पोरांना दार कसं उघडलं? कॅनडाला तेव्हा शेतमजूर हवे होते आणि घरकामाला मोलकरणी. मुलगे शेतीसाठी आले. पुढे काही अनाथ मुली आणल्या, त्या घरकामासाठी. करुणा खरी होती, यात मला शंका नाही. पण दाराची किल्ली करुणेकडे नव्हती, गरजेकडे होती. ब्रिटनमधल्या गरीब आणि अनाथ मुलांना कॅनडाच्या शेतांवर पाठवण्याची रीत तर 1869 पासून चालूच होती. अशी 1 लाखाहून अधिक मुलं त्या वाटेनं गेली.

जॉर्जटाउनचा क्रम साधा होता. गोठा, धारा, भाजीपाला आणि त्याच्या जोडीनं इंग्रजीचे वर्ग. मुलगा कामाजोगा झाला की त्याला ऑन्टारियोतल्या एखाद्या शेतकऱ्याकडे ठेवायचं. कुणाला चांगला मालक भेटला, कुणाला फक्त राबवून घेणारा. आईबाप गमावलेली ही पोरं जॉर्जटाउनच्या शेतावर एकमेकांची भावंडं झाली होती. कामाला लागताना तीही फुटून एकेकटी पडली.

पण मला थांबावंसं वाटतं ते नावांच्या भांडणापाशी. मुलं लवकर ‘कॅनेडियन’ व्हावीत म्हणून त्यांना इंग्रजी नावं देण्याचं चालकांनी ठरवलं. ज्यांच्याकडे घर, कागदपत्रं, फोटो यांतलं काहीच उरलं नव्हतं, त्यांच्यापाशी आईबापांची खूण म्हणून नावच तेवढं होतं. मुलं अडून बसली. त्यांचे शिक्षक आरिस अलेक्सानियन त्यांच्या बाजूनं उभे राहिले आणि बेत बारगळला. पोरक्या, परक्या भाषेत अडखळणाऱ्या, दुसऱ्याच्या अन्नावर जगणाऱ्या मुलांनी मिळवलेला हा विजय मला त्या शेतावरच्या कुठल्याही पिकाहून मोलाचा वाटतो. या मुलांनी ‘अरारात’ नावाचं मासिकही चालवलं. आर्मेनियनांचा पवित्र पर्वत असा ऑन्टारियोत छापून निघू लागला. त्यांच्यातलाच एक, जॅक अप्रामियन, यानं 1976 मध्ये सगळ्यांची हकिगत पुस्तकरूपानं लिहिली. ती लिहिली नसती तर हे सगळं संस्थेच्या अहवालांपुरतंच उरलं असतं.

1920 च्या दशकाअखेरीस हा कारभार युनायटेड चर्चकडे गेला, आणि मुलांचं ते शेतघर पुढे मुलींची संस्था झालं. मुलगे मोठे झाले. शेतीत टिकले ते थोडे. बरेचजण शहरांकडे वळले, कारखान्यांत गेले, दुकानं थाटली. काहींना यात प्रयोगाचं अपयश दिसेल. मला उलट वाटतं. धार काढायला शिकलेला मुलगा पुढे दुकानदार झाला, तर त्याचं शिकणं वाया गेलं नाही. त्याला आपलं आयुष्य निवडता आलं.

आजही निर्वासित मुलांच्या छावण्यांत शेतीचे वर्ग भरतात, आणि ते भरायलाच हवेत. बी पेरून उगवलेलं पाहणं हे उखडलेल्या मुलाला उभं करतं, यावर माझा विश्वास आहे. मात्र त्या वर्गांची परीक्षा किती शेतकरी तयार झाले यावर होऊ नये. शिकलेल्या मुलाला शेती सोडायची मोकळीक आहे का आणि त्याला त्याच्याच नावानं हाक मारली जाते का, हे आधी विचारायला हवं. जॉर्जटाउनच्या मुलांना यांतलं काहीच आयतं मिळालं नाही. नाव त्यांनी भांडून राखलं, आणि मोकळीक मोठं झाल्यावर स्वतःच घेतली.