प्रेअरीवरील वस्ती

कॅनडाच्या पश्चिम भागात, रॉकी पर्वताच्या पूर्वेस, अफाट गवताळ मैदान पसरलेले आहे. त्यास प्रेअरी असे म्हणतात. मॅनिटोबा, सस्कॅचेवान व आल्बर्टा या तीन प्रांतांच्या दक्षिण भागांत हे मैदान मोडते. हिवाळ्यात येथे सर्वत्र बर्फ असते; उन्हाळ्यात मात्र दृष्टी पोहोचेल तेथवर गव्हाची शेते डोलतात. येथे पिकणारा मसूर भारताच्या बाजारपेठेतही विकला जातो.

सस्कॅचेवान प्रांताचा शेतीप्रधान भाग सुमारे ३०० ग्रामीण पालिकाक्षेत्रांत विभागलेला आहे. मूळ योजनेप्रमाणे असे एक क्षेत्र १८ मैल लांब व १८ मैल रुंद, म्हणजे ३२४ चौरस मैलांचे असे. एवढ्या विस्तारात पुष्कळ ठिकाणी अवघी काहीशे माणसे राहतात! ही वस्ती एवढी विरळ का, हे समजण्यासाठी थोडा मागचा इतिहास पाहिला पाहिजे.

नवागत येण्यापूर्वी या मैदानावर क्री, नाकोडा, सोटो इत्यादी आदिवासी जमाती राहत असत. गव्यासारख्या बायसन या प्राण्याच्या कळपांवर त्यांचे जीवन अवलंबून होते. एकोणिसाव्या शतकात बेसुमार शिकारीमुळे हे कळप नष्ट झाले आणि जमातींवर उपासमारीची पाळी आली. १८७१ ते १८७७ या काळात त्यांच्याशी सात करार करण्यात आले. त्यानंतर त्यांच्यासाठी लहान लहान राखीव प्रदेश ठरले व उरलेली विस्तीर्ण भूमी नवागतांना खुली झाली.

सरकारने साखळी टाकून ही भूमी बुद्धिबळाच्या पटासारखी मोजली. एक मैल लांब व एक मैल रुंद असा ६४० एकरांचा चौरस, आणि त्याचा चौथा भाग १६० एकरांचा. १८७२ च्या कायद्यान्वये दहा डॉलर शुल्क भरून असा चतुर्थांश मागता येई. तीन वर्षे तेथे राहून, घर बांधून, जमीन नांगरली म्हणजे ती मागणाऱ्याच्या मालकीची होई. घर स्वतःच्या शेतातच बांधावे लागे. त्यामुळे महाराष्ट्रातील खेड्याप्रमाणे घराला घर लागून वसलेले गाव येथे फारसे निर्माण झाले नाही. शेजाऱ्याचा दिवा अर्ध्या मैलावर दिसे!

या आवाहनास अनुसरून दूरदूरचे लोक आले. युक्रेनच्या शेतकऱ्यांनी मातीने लिंपलेली घरे व घुमटाकार शिखरांची प्रार्थनामंदिरे उभारली. जर्मन, स्कँडिनेव्हियन, इंग्रज व स्कॉटिश कुटुंबेही येथे स्थायिक झाली. १८९९ साली रशियातून दुखोबोर पंथाचे लोक आले. हुटराइट पंथाच्या वसाहती आजही आहेत. त्यांच्यात मालमत्ता सर्वांची समाईक असते आणि जेवण सामुदायिक भोजनगृहात होते. एका वसाहतीत लोक फार झाले, की निम्मी मंडळी दुसरीकडे नवी वसाहत स्थापन करतात.

परंतु या पटावर सर्वांनाच जागा मिळाली नाही. आदिवासी व युरोपीय यांच्या संबंधातून निर्माण झालेला मेटी हा समाज १८८५ च्या उठावानंतर निराधार झाला. पुष्कळ मेटी कुटुंबे शेतांच्या कडेने रस्त्यांसाठी सोडलेल्या सरकारी पट्ट्यांत झोपड्या बांधून राहू लागली. त्यांच्या नावे जमीन नाही, म्हणून जमिनीचा कर नाही. आणि कर नाही, म्हणून त्यांच्या मुलांना अनेकदा शाळेत प्रवेशही मिळत नसे.

पालिकाक्षेत्राचा कारभार निवडून दिलेले मंडळ पाहते. त्याच्या प्रमुखास ‘रीव्ह’ म्हणतात. रस्ते व पूल दुरुस्त ठेवणे, हिवाळ्यात बर्फ दूर सारणे, जमिनीवर कर बसविणे ही त्याची मुख्य कामे होत. लोहमार्गावर वसलेल्या खेड्यांची व नगरांची मंडळे स्वतंत्र असतात. म्हणून नकाशात खेडे पालिकाक्षेत्राच्या पोटात दिसले, तरी जनगणनेत त्याची संख्या निराळी दाखवितात. आदिवासींच्या राखीव प्रदेशांचीही गणना अशीच वेगळी होते.

१९३० नंतरच्या दशकात भीषण अवर्षण पडले. धुळीची वादळे उठली व हजारो कुटुंबे घरदार सोडून गेली. पुढे ट्रॅक्टर व कापणी-मळणीची यंत्रे आली. पूर्वी अनेक कुटुंबे जे काम करीत, ते एकच कुटुंब करू लागले. १९३६ साली या प्रांतात सुमारे १ लाख ४२ हजार शेते होती. २०२१ साली ती सुमारे ३४ हजारच उरली. जमीन पडीक राहिली नाही. शेते मात्र मोठी झाली आणि माणसे कमी झाली. २०२१ च्या जनगणनेनुसार प्रांतातील ११ लाख ३२ हजार लोकांपैकी निम्मे लोक सॅस्कटून व रिजायना या दोन शहरांच्या परिसरात राहत होते.

माणसे कमी झाली, की विद्यार्थ्यांअभावी शाळा बंद पडते. मग दुकान व टपालकचेरी बंद होते. रस्त्यांची लांबी मात्र कमी होत नाही. शेकडो मैलांच्या रस्त्यांचा भार काहीशे लोकांनी वाहावा लागतो. म्हणूनच तेथे परस्परांच्या साहाय्याला फार मोल आहे. हिमवादळात कोणाची मोटार अडकली, तर मैलभर दूरचा शेजारीच ट्रॅक्टर घेऊन धावून येतो. जनगणनेतील आकडा लहान असला, तरी त्यातील प्रत्येक माणसाची गरज तेथे सर्वांना असते.