दुकान मुलाच्या हाती देताना

आगरदांडा, मुरूड, खाडीपलीकडे दिघी-श्रीवर्धन, कुठेही पाहा, जुना कापडदुकानदार शेवटपर्यंत गल्ल्यावर बसलेला दिसतो. लग्नाचे कापड उधारीवर द्यायचे, आखातातून पैसे आले की वसूल करायचे, मय्यत झाली तर रात्री दुकान उघडून कफनाचा लठ्ठा फाडून द्यायचा. असा धंदा त्या एका माणसाच्या नावावर चालतो. म्हणून तो थकला तरी "आता बस" म्हणत नाही. मग एक दिवस तो जातो आणि दुकान कुणाचे, यावरून भावंडे कोर्टात उभी राहतात.

अमळनेरात मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी 1945 साली वनस्पती तुपाचा धंदा सुरू केला. 1966 मध्ये त्यांचे निधन झाले आणि अमेरिकेत शिकणाऱ्या 21 वर्षांच्या अझीम प्रेमजींना शिक्षण टाकून यावे लागले. हाच धंदा पुढे विप्रो झाला. 2019 च्या 30 जुलैला अझीम प्रेमजींनी स्वतः पायउतार होऊन अध्यक्षपद मुलगा रिशद यांना दिले. खैरातीचा वाटा त्यांनी त्याआधीच वेगळा काढला होता. दोन्ही वेळा मुलगाच आला, पण दुसऱ्या वेळी शिकवायला बाप हयात होता. आपली दुकाने त्यांच्या पासंगाला पुरणार नाहीत, पण हा क्रम घेण्यासारखा आहे.

आपल्यात तो जास्तच जरुरीचा. मुस्लिम कायद्यात एकत्र कुटुंबाची मिळकत ही गोष्टच नाही. बापाच्या नावाचे दुकान बापाचे. वीस वर्षे गज धरलेल्या मुलालाही त्या मेहनतीचा वेगळा हिस्सा आपोआप मिळत नाही. बापामागे बेवा, मुली, सारे वारस. (मुलींचा हक्क "आमच्यात मागत नाहीत" म्हणून दाबणाऱ्यांशी माझे जमत नाही.) वसीयत एक तृतीयांशापुरती, तीही वारसाच्या नावे केली तर इतर वारसांची संमती लागते. शेवटच्या दुखण्यातल्या हिब्यालाही हीच मर्यादा.

म्हणून हिबा तब्येत धड असताना करावा. देणाऱ्याने दिले म्हणावे, घेणाऱ्याने घेतले म्हणावे आणि कब्जा द्यावा. कागद मुलाच्या नावे आणि किल्ली बापाच्या कमरेला, यात कब्जा आला नाही. जी.एस.टी. नंबर, बँक खाते, परवाना मुलाच्या नावे करावा. जागा भाड्याची असल्यास मालकाची लेखी संमती घ्यावी.

भागीदारी असेल तर निवृत्तीची जाहीर नोटीस द्यावी. 1932 च्या कायद्याप्रमाणे नोटिशीवाचून गेलेला भागीदार पुढच्या देण्यातही अडकू शकतो. हिशेब न होता बाकीच्यांनी धंदा चालू ठेवला, तर त्याला आपल्या रकमेवर 6 टक्के व्याज किंवा नफ्यातला हिस्सा, यातले एक निवडता येते. व्याज नको असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

राहिली उधारी. मुदत साधारण तीन वर्षांची, पण मुदतीच्या आत गिऱ्हाइकाने बाकी लिहून सही दिली तर ती नव्याने सुरू होते. बापाचा शब्द पाळणारे गिऱ्हाईक मुलालाही पाळेलच असे नाही. तेव्हा वही मुलाला देण्याआधी बापानेच एकेकाकडे जाऊन बाकी कबूल करून घ्यावी. आखातातला असेल त्याची सही तो सुट्टीवर आला की घ्यावी.