अळवाच्या पानावरील जलबिंदू : मेण की रचना?

क्षणभंगुर वस्तूस मराठीत ‘अळवावरचे पाणी’ म्हणतात. हे पाणी पानावर का ठरत नाही, या प्रश्नास वर्गात बहुधा ‘पानावर मेण असते म्हणून’ असे उत्तर मिळते. ते असत्य नव्हे, अपुरे आहे. आणि त्याचा अपुरेपणा दादरच्या मंडईतील अळूची एक जुडी व एक मेणबत्ती यांच्या साहाय्याने गिरगाव-परळच्या कोणत्याही शाळेत दाखविता येतो.

काचेच्या एका पट्टीवर मेणाचा गुळगुळीत थर द्यावा व दुसरी ज्योतीवर धरून काजळावी. या दोहोंवर आणि पानावर सारखेच बारीक थेंब सोडावेत. मेणावरील थेंब फुगीर दिसतो. तथापि पट्टी कलती केली तरी तो सहसा जागा सोडत नाही. पानावरून व काजळीवरून मात्र तो अल्पशा कलानेही घरंगळतो. थेंबाचे बाजूने छायाचित्र घेऊन त्याच्या उंचीस तळाच्या त्रिज्येने भागले असता अर्ध्या स्पर्शकोनाची स्पर्शज्या मिळते. थेंब मिलिमीटर-दोन मिलिमीटरांहून मोठा नसावा. एरवी तो स्वभाराने चपटा होतो.

गुळगुळीत मेणावर हा कोन सुमारे १०८ अंश भरतो. पानाचा कोन १५० अंशांपलीकडे जातो, तो मेणामुळे नव्हे. कॅसी व बॅक्स्टर यांनी १९४४ साली दाखविले की, खडबडीत पृष्ठावरील थेंब केवळ शिखरांवर टेकतो आणि खाली हवा कोंडलेली राहते. तळाचा एकदशांश भागच मेणास टेकत असेल, तर त्यांच्या समीकरणाने कोन १५९ अंश येतो.

ही हवा डोळ्यांनी पाहता येते. पान पाण्यात बुडवून तिरकस पाहिल्यास ते रुपेरी चकाकते. हवेच्या थरापाशी प्रकाशाचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते. साबणाच्या पाण्यात ही चकाकी टिकत नाही.

बोटाने चोळलेल्या जागी थेंब अडतो. पण चोळण्याने मेणच निघून गेले, असा आक्षेप चाणाक्ष विद्यार्थी घेईल व तो योग्यच होय. म्हणूनच गुळगुळीत मेणाची पट्टी शेजारी हवी : तेथे मेण भरपूर असूनही थेंब अडतो. पान मात्र शीतकपाटातून काढून लगेच वापरू नये. मुंबईच्या दमट हवेत त्यावर दव धरते, ते सूक्ष्म खाचांत शिरते आणि मग थेंब पानासही चिकटतो.