एनपीएम: गैरसमज आणि वस्तुस्थिती

एनपीएम या एका नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात: टर्मिनलवर चालणारा प्रोग्राम, जावास्क्रिप्टची लाखो पॅकेजेस साठवणारी सार्वजनिक रजिस्ट्री आणि त्या रजिस्ट्रीत शोध घेण्याची वेबसाइट. जावास्क्रिप्टमध्ये काम करणाऱ्याचा रोजचा संबंध पहिल्या गोष्टीशी येतो. तिच्याविषयीचे बहुतेक गैरसमज मात्र या तिघींची सरमिसळ झाल्यामुळे निर्माण होतात.

एनपीएम हा नोडचाच, म्हणजे जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर चालवणाऱ्या प्रणालीचाच, भाग आहे, हा त्यांतला सर्वांत जुना समज. रायन डाल यांनी नोड २००९ मध्ये लोकांपुढे आणले. एनपीएम हा आयझॅक श्लूटर यांनी स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम असून तो २०१० मध्ये आला. २०११ च्या अखेरीपासून नोडच्या इन्स्टॉलरसोबतच तो मिळू लागला, त्यामुळे दोन्ही एकच वाटू लागले. आजही त्याचे व्हर्जन वेगळे असते आणि नोड न बदलता ते वाढवता येते. मालकीही वेगळी आहे. २०१४ मध्ये त्यासाठी कंपनी उभी राहिली, २०२० मध्ये ती गिटहबने घेतली आणि गिटहब २०१८ पासून मायक्रोसॉफ्टकडे आहे. नोड सर्व्हरवर चालते म्हणून एनपीएमही सर्व्हरच्या कामापुरतेच, असेही काही जण धरून चालतात. रिअ‍ॅक्ट, व्ह्यू यांसारख्या ब्राउझरसाठीच्या लायब्रऱ्या याच रजिस्ट्रीतून येतात, एवढे सांगितले तरी तो समज दूर होतो.

एनपीएमऐवजी यार्न किंवा पीएनपीएम हे प्रोग्राम वापरले की वेगळ्या, अधिक सुरक्षित भांडारातून पॅकेजेस येतात, हेही खरे नाही. यार्न २०१६ मध्ये फेसबुकने पुढाकार घेऊन आणले. पीएनपीएम डिस्कवर प्रत्येक फाइलची एकच प्रत ठेवते आणि सगळ्या प्रोजेक्टना ती जोडून देते, त्यामुळे जागा वाचते. पण वेगळी सेटिंग केली नसेल तर दोन्हींतून मिळणारी पॅकेजेस एनपीएमच्या रजिस्ट्रीतलीच असतात. फरक असतो तो ती कशी उतरवायची, कशी मांडायची आणि काय आपोआप चालू द्यायचे यात.

खरा घोळ होतो तो व्हर्जनांच्या बाबतीत. ‘पॅकेज.जेसन’ या फाइलमध्ये समजा एक्स्प्रेस या पॅकेजसमोर ‘^४.१८.२’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ बरोबर ४.१८.२ हेच व्हर्जन हवे, असा अनेक जण घेतात. ‘^’ या खुणेचा अर्थ आहे ४.१८.२ किंवा त्यापुढचे, पण ५.०.० च्या आतले कोणतेही. त्याऐवजी ‘~’ असेल तर मर्यादा ४.१९.० च्या आत येते. पहिला आकडा शून्य असेल तर ‘^’ सुद्धा आखूड होतो: ‘^०.२.३’ म्हणजे ०.३.० च्या अलीकडेच थांबायचे. यामागे सेमॅंटिक व्हर्जनिंग नावाचा संकेत आहे. जुने वापर मोडणारा बदल केला की पहिला आकडा वाढवायचा, नवी सोय दिली की दुसरा, चूक दुरुस्त केली की तिसरा. हा संकेत पाळला गेला की नाही, हे एनपीएम तपासत नाही. पॅकेज लिहिणाऱ्याने दिलेला तो शब्द आहे, आणि कधीकधी तो मोडला जातो.

म्हणूनच २०१७ मध्ये एनपीएमच्या पाचव्या व्हर्जनबरोबर ‘पॅकेज-लॉक.जेसन’ ही फाइल आली. ‘पॅकेज.जेसन’ ही वाण्याला दिलेली यादी मानली, तर लॉक फाइल म्हणजे त्याने प्रत्यक्षात काय दिले त्याची पावती. यादीत थेट मागितलेली चार-पाच नावे असतात. पावतीत त्या नावांनी मागून आणलेली, त्यांच्या मागून आलेली, अशी सगळीच असतात, आणि प्रत्येकापुढे नेमके व्हर्जन, ते कोठून आले तो पत्ता आणि फाइल बदललेली नाही हे तपासण्यासाठी एक हॅश नोंदलेला असतो.

या फाइलबद्दल इतके चुकीचे सांगितले जाते की तिच्यापाशी थोडे थांबणे भाग आहे. ती आपोआप तयार होते म्हणून गिटमध्ये टाकू नये, असे नवशिक्यांना सर्रास सांगितले जाते. ॲप्लिकेशनच्या बाबतीत हा सल्ला साफ चुकीचा आहे. लॉक फाइल कमिट केली नाही तर आज पुण्यातल्या लॅपटॉपवर चालणारा प्रोजेक्ट उद्या सर्व्हरवर वेगळ्या व्हर्जनांनिशी उभा राहू शकतो, आणि मग दोष कोडमध्ये आहे की पॅकेजमध्ये, हे शोधण्यात दिवस जातो. गिटबाहेर ठेवायचा तो ‘नोड_मॉड्यूल्स’ हा फोल्डर. तो कधीही पुन्हा तयार करता येतो, आणि त्यातली काही पॅकेजेस त्या त्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी कंपाइल झालेली असल्यामुळे एका मशीनवरून उचलून दुसऱ्यावर ठेवली तर चालतीलच असे नाही.

‘एनपीएम इन्स्टॉल’ दर वेळी ताजी व्हर्जन आणते, हाही गैरसमज आहे. लॉक फाइल असेल आणि ती ‘पॅकेज.जेसन’शी जुळत असेल, तर तिच्यातलीच व्हर्जन उतरतात. जुळत नसेल तर मात्र ही आज्ञा लॉक फाइल गुपचूप बदलून टाकते. सर्व्हरवर किंवा स्वयंचलित चाचण्यांत हे नको असते. तेथे २०१८ मध्ये आलेली ‘एनपीएम सीआय’ ही आज्ञा वापरावी. ती आधीचा ‘नोड_मॉड्यूल्स’ फोल्डर पुसते, लॉक फाइलप्रमाणेच सगळे उतरवते आणि दोन फाइलींत विसंगती आढळली तर काम थांबवून चूक दाखवते. दोन्ही फाइलींना ती हात लावत नाही.

काही अडले की लॉक फाइल आणि ‘नोड_मॉड्यूल्स’ दोन्ही पुसून पुन्हा इन्स्टॉल करायचे, हा उपाय घरोघरी चालतो. फोल्डर पुसण्यात काही नुकसान नाही. लॉक फाइल पुसली की शेकडो अप्रत्यक्ष डिपेंडन्सी एका दमात पुढे सरकतात. मूळ अडचण कधी सुटतेही, पण कोणत्या बदलाने सुटली ते कळत नाही, आणि नवी अडचण कोणत्या बदलाने आली तेही कळत नाही. कॅश पुसण्याचा सल्ला तर बहुधा निरुपयोगीच असतो: पाचव्या व्हर्जनपासून एनपीएम कॅशमधली प्रत्येक वस्तू हॅशने तपासून घेते.

‘डेव्हडिपेंडन्सीज’ या रकान्यात टाकलेले पॅकेज ब्राउझरकडे जाणाऱ्या अंतिम फाइलीत येत नाही, अशीही एक समजूत आहे. अंतिम फाइलीत काय जाईल हे बंडलर ठरवतो, आणि तो पाहतो कोडमधले इम्पोर्ट. नाव कोणत्या रकान्यात आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते. रकान्याचा उपयोग दुसरीकडे होतो. सर्व्हरवर ‘--ओमिट=डेव्ह’ हा पर्याय दिला की टाइपस्क्रिप्टसारखी विकासापुरती लागणारी साधने वगळली जातात, आणि आपले पॅकेज इतर कोणी वापरले तर त्याच्याकडे ती उतरत नाहीत. नुसते ‘एनपीएम इन्स्टॉल’ म्हटले तर एरवी दोन्ही रकान्यांतले सगळे येते.

एखादे साधन ‘-जी’ लावून ग्लोबल बसवले की ते सगळ्या प्रोजेक्टना मिळते, हे अर्धसत्य आहे. त्याची आज्ञा टर्मिनलवर मिळते, पण कोडमधून ते रिक्वायर करायला गेले तर नोडला सापडत नाही, कारण नोड शोध घेते ते कोडची फाइल असलेल्या फोल्डरमधल्या आणि त्यावरच्या फोल्डरांमधल्या ‘नोड_मॉड्यूल्स’मध्ये. शिवाय दोन प्रोजेक्टना एकाच साधनाची वेगळी व्हर्जन लागली की पंचाईत होते. साधन प्रोजेक्टमध्येच बसवावे. ‘एनपीएम रन’ने चालवलेल्या स्क्रिप्टला प्रोजेक्टमधली साधने आपोआप सापडतात, आणि एकदाच चालवायचे असेल तर एनपीएक्स ही आज्ञा आहे.

याच ग्लोबलच्या मोहातून ‘सुडो एनपीएम इन्स्टॉल’ ही घातक सवय लागते. लिनक्स किंवा मॅकवर परवानगी नाकारल्याची चूक आली की पुढे सुडो जोडला जातो आणि काम झाल्यासारखे वाटते. त्यामुळे पॅकेजच्या इन्स्टॉल स्क्रिप्टला संपूर्ण मशीनचे अधिकार मिळू शकतात. परवानगीची चूक आली तर एनव्हीएमसारख्या साधनाने नोड स्वतःच्या होम फोल्डरमध्ये बसवणे, हा सरळ मार्ग आहे. त्यानंतर सुडोची गरजच उरत नाही.

इन्स्टॉल स्क्रिप्ट हा विषय येथे संपत नाही, कारण सर्वांत मोठा गैरसमज त्याच्याशीच जोडलेला आहे: रजिस्ट्रीत आहे म्हणजे कोणीतरी तपासलेले असणार. खाते उघडून कोणालाही पॅकेज प्रसिद्ध करता येते. त्याआधी कोणी माणूस ते वाचून मान्यता देत नाही. आणि पॅकेज नुसते डाउनलोड होऊन पडून राहते असेही नाही. त्यात ‘पोस्टइन्स्टॉल’ स्क्रिप्ट असेल तर ती एनपीएमकडून इन्स्टॉलच्या वेळीच चालवली जाते.

याची किंमत अनेकदा मोजली गेली आहे. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या लोकप्रिय पॅकेजची जबाबदारी मूळ लेखकाने मदतीला आलेल्या एका अनोळखी व्यक्तीकडे सोपवली. त्या व्यक्तीने एक नवी डिपेंडन्सी जोडली आणि तिच्यातला छुपा कोड कोपे या वॉलेटमधील बिटकॉइन चोरण्यासाठी होता. सप्टेंबर २०२५ मध्ये फसव्या ईमेलमुळे एका लेखकाचे खाते हल्लेखोरांच्या हाती गेले आणि चॉक, डीबगसह १८ पॅकेजेसची दूषित व्हर्जन प्रसिद्ध झाली. ही पॅकेजेस मिळून आठवड्याला २०० कोटींहून अधिक वेळा डाउनलोड होतात. त्याच महिन्यात शाय-हुलूद नावाचा वर्म पसरला. तो पोस्टइन्स्टॉल स्क्रिप्टमधून शिरे, मशीनवरचे टोकन चोरे आणि त्या टोकनांच्या आधारे टोकनधारकाच्या इतर पॅकेजेसमध्ये स्वतःला घुसवून ती पुन्हा प्रसिद्ध करी.

अशा वेळी ‘एनपीएम ऑडिट’ वाचवेल, ही आशा फोल आहे. ऑडिट तुलना करते ती आधीच नोंद झालेल्या त्रुटींच्या यादीशी. तासाभरापूर्वी प्रसिद्ध झालेला दूषित कोड त्या यादीत नसतो. उलट, ऑडिटने लाल अक्षरांत दाखवलेली प्रत्येक त्रुटी आपल्या ॲपला बाधतेच असेही नाही. बिल्डपुरत्या वापरल्या जाणाऱ्या साधनातला दोष आणि लोकांच्या विनंत्या हाताळणाऱ्या कोडमधला दोष यांचे वजन सारखे नसते. ‘ऑडिट फिक्स’ला ‘--फोर्स’ जोडणे तर विचार करूनच करावे, कारण मग एनपीएम पहिला आकडा ओलांडूनही व्हर्जन बदलते आणि चालता प्रोजेक्ट मोडू शकतो.

प्रसिद्ध झालेले पॅकेज लेखक केव्हाही काढून घेऊ शकतो, हा समज एके काळी खरा होता. मार्च २०१६ मध्ये एका नावावरून झालेल्या वादात एका लेखकाने आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली. त्यांत लेफ्ट-पॅड हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेजही होते, आणि त्याच्यावाचून बेबेलसह असंख्य प्रोजेक्टचे बिल्ड बंद पडले. एनपीएमला ते स्वतःहून परत आणावे लागले. आता पहिल्या ७२ तासांतही दुसरे पॅकेज त्यावर अवलंबून नसेल तरच ते काढता येते. त्यानंतर अटी आणखी कडक होतात. काढून घेतलेल्या व्हर्जनचा क्रमांक पुन्हा वापरता येत नाही.

राहतो प्रश्न बचावाचा. ‘--इग्नोर-स्क्रिप्ट्स’ हा पर्याय इन्स्टॉल स्क्रिप्ट रोखतो. काही पॅकेजेसना कंपाइल होण्यासाठी ती लागते, तेवढ्यांपुरती ती नंतर चालवता येते. पीएनपीएमने दहाव्या व्हर्जनपासून डिपेंडन्सींच्या स्क्रिप्ट मुळातच बंद ठेवल्या आहेत. आणि पुन्हा लॉक फाइलच कामाला येते. तिच्यातला हॅश पॅकेज निर्दोष असल्याची हमी देत नाही, तेव्हा नोंदलेली फाइल तीच आहे एवढेच सांगतो. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये ती दूषित व्हर्जन रजिस्ट्रीत असताना जुन्या लॉक फाइलवरून ‘एनपीएम सीआय’ चालवणाऱ्यांकडे दूषित व्हर्जन पोचण्याचे कारणच नव्हते. नवे पॅकेज घेण्यापूर्वी ‘एनपीएम व्ह्यू’ने त्याच्या डिपेंडन्सी, सांभाळणारे आणि शेवटचे प्रकाशन पाहावे, नाव अक्षर न् अक्षर तपासावे, आणि लॉक फाइलमध्ये झालेला बदल कोडमधल्या बदलाइतक्याच काळजीने वाचून मगच कमिट करावा.